पारावरची वार्ता व तिची पारख

शेतकऱ्याचा रिकामा वेळ म्हणजे वायां गेलेला वेळ, असें मानण्याची चाल आपल्याकडील शहाण्या लोकांत पुष्कळ दिवसांपासून आहे. दिवस मावळल्यावर चार माणसें पारावर किंवा चहाच्या टपरीवर बसून चंद्रावरील यानाच्या, नव्या यंत्रांच्या व सिनेमाच्या गोष्टी करूं लागलीं, म्हणजे येणारा जाणारा म्हणतो, "बसले पहा चकाट्या पिटीत!" आमचें मत याहून निराळें आहे. यंदा कोणतें बियाणें पेरावें, रस्त्यालगतची जमीन राखावी कीं विकावी, डोंगराच्या उतारावरील घर सोडावें कीं तेथेंच राहावें, असे शेतकऱ्याच्या आयुष्यांतील मोठे निश्चय बहुधा अशाच बैठकींत ठरतात; कचेरींत त्यांवर मागाहून शिक्का बसतो इतकेंच. अशा स्थितींत पारावर येणारी वार्ता खरी कीं खोटी, हा प्रश्न पोटाचा आहे, आणि प्रसंगीं प्राणाचाहि आहे. याच दृष्टीनें आम्ही आज तिचा विचार करणार आहों.

खालापूर तालुक्यांतील लोधिवली हें गांव जुन्या मुंबई–पुणें रस्त्यावर आहे. एका अंगास इर्शाळगडाचा सुळका, दुसऱ्या अंगास पाताळगंगेचें खोरें व रसायनीचे कारखाने, आणि मध्यें भाताचीं खाचरें, असा हा मुलूख. रस्त्यावरून मुंबईची वार्ता पुण्यास आणि पुण्याची मुंबईस जातांना येथें क्षणभर थांबते. त्यांत आतां प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल आला. पूर्वीं वर्तमानपत्र संध्याकाळीं येई व एकानें वाचून दहांनीं ऐकावें लागे. आतां दहा जणांस दहा वार्ता एकाच वेळीं येतात, आणि त्यांतील खरी कोणती हें ठरविण्यास मात्र पूर्वींइतकाच वेळ लागतो. घोटाळा होतो तो येथेंच.

इसवी सन २०२३ चे दोन श्रावण या भागांतील लोक विसरणार नाहींत. त्या वर्षीं अधिक श्रावण लागून दुसराच दिवस होता. १९ जुलैच्या रात्रीं इर्शाळगडाच्या अंगावरील इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी दरड कोसळून गाडली गेली. सत्तावीस देह हातीं लागले, सत्तावन्न माणसें बेपत्ता राहिलीं, आणि २३ जुलै रोजीं शोध थांबविण्यांत आला. पुढें दोन आठवड्यांनीं, २ ऑगस्ट रोजीं, ज्यांनीं २००५ सालीं चौकजवळ सिनेमाचा मोठा स्टुडिओ उभारला ते कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांचें त्याच स्टुडिओंत निधन झालें. आणि निज श्रावणांत, २३ ऑगस्ट रोजीं सायंकाळीं सहा वाजून चार मिनिटांनीं, चंद्रयान-३ चें यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागांत सुखरूप उतरलें. पांच आठवड्यांत ह्या तीन वार्ता एकाच पारावर आल्या. त्या वेळचें एका वृद्ध शेतकऱ्याचें बोलणें आमच्या कानांत अद्याप आहे. तो म्हणाला, "पोरांनों, पावणेचार लाख कोसांवर यान गेलं म्हणतां, तें जाऊं द्या, पण ह्या समोरच्या वाडीवर माती उपसायला यंत्र चढलं नाहीं, त्याचं कायतरी सांगा." चंद्राचें अंतर कोसांत नसून सुमारें ३,८४,००० किलोमीटर आहे, ही दुरुस्ती कोणा तरुणानें केली, परंतु प्रश्नाचें उत्तर कोणासच देतां आलें नाहीं.

खरोखरच वाडीस गाडीरस्ता नव्हता. बचावाच्या तुकड्यांस रात्रीं पावसांत निसरड्या पायवाटेनें चढावें लागलें, आणि माती हातांनीं उपसावी लागली. वाडींतील कांहीं तरुण त्या रात्रीं उशिरापर्यंत शाळेंत मोबाईल घेऊन बसले होते, ते त्यामुळें वांचले व त्यांनींच ओरड केली, असें त्या वेळच्या वर्तमानपत्रांतून आलें होतें. ज्यांस आपण एरवीं "मोबाईलवर वेळ घालविणारीं पोरें" म्हणून हिणवतों, त्यांच्यामुळें पहिली वार्ता खालीं पोंचली. रिकाम्या वेळाची निंदा करणारांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

परंतु यापेक्षां खोल असा एक मुद्दा आहे. २०१४ सालीं ३० जुलै रोजीं पुणें जिल्ह्यांत माळीण गाडलें गेलें. २०२१ सालीं २२ जुलै रोजीं आपल्याच रायगड जिल्ह्यांत, महाड तालुक्यांत, तळिये गाडलें गेलें. ह्या दोन्ही वार्ता आपल्या पारांवर आल्या होत्या. चित्रें सर्वांनीं पाहिलीं, हळहळ सर्वांनीं केली. मात्र आपल्या समोरचा डोंगरहि तसाच आहे काय, हा प्रश्न आम्हीं विचारला नाहीं. यांत वाडीवाल्यांचा दोष मुळींच नाहीं; सरकारच्या दरडप्रवण गांवांच्या यादींतहि इर्शाळवाडीचें नांव नव्हतें, असें मुख्यमंत्र्यांनींच सांगितलें. आम्हीं ती वार्ता तमाशा पाहावा तशी पाहिली, आपल्या बांधावर आणून पाहिली नाहीं. वार्ता ऐकण्याचे हे दोन प्रकार आहेत, आणि त्यांतील दुसराच शेतकऱ्याच्या उपयोगाचा आहे.

बांधावर आणून पाहावयाचें म्हणजे काय, हें दरडीच्याच उदाहरणानें सांगतों. उतारावर नवी भेग पडणें किंवा जुनी रुंदावणें. सरळ वाढलेलीं झाडें व खांब एका बाजूस कलणें. झऱ्याचें स्वच्छ पाणी एकाएकीं गढूळ होणें, वाहता झरा अचानक आटणें किंवा नव्या जागीं पाणी फुटणें. घराचीं दारें चौकटींत अडकूं लागणें, जोत्यास तडे जाणें. हीं सर्व डोंगर सरकूं लागल्याचीं लक्षणें होत. यांसाठीं कोणतेंहि यंत्र लागत नाहीं. गुरें घेऊन रोज रानांत जाणाऱ्या गुराख्यास हीं प्रथम दिसतात. पण तीं सांगण्यासारखी वार्ता आहे हें त्यास कोणीं सांगितलेलें नसतें. सरळ कडांच्या पत्र्याच्या डब्यांत पट्टी उभी करून रोजचा पाऊस मिलिमीटरांत मोजतां येतो. सतत दोनतीन दिवस मुसळधार पडून वर आणखी जोर झाला, म्हणजे उतारावरील घरांनीं रात्र खालीं काढावी, इतका निश्चय ह्या मोजणीवरून गांवास करतां येईल. विजेच्या बाबतींत पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचें 'दामिनी' हें मोबाईलवरील साधन आसपास कोठें वीज पडत आहे तें दाखवितें. लावणीच्या व कापणीच्या दिवसांत उघड्या खाचरांत काम करणाऱ्यानें तें पाहण्याची संवय ठेवावी.

आतां पोटाच्या प्रश्नाकडे वळूं. एके संध्याकाळीं आम्ही लोधिवलीस बसलों असतां एक गृहस्थ रुमालांत मूठभर तांदूळ बांधून घेऊन आले. रेशनचा तांदूळ होता. त्यांतील कांहीं दाणे इतरांहून निराळे, किंचित् पिवळसर व खडूसारखे दिसत होते. "तात्या, हा प्लास्टिकचा तांदूळ. आमच्या घरच्यांनीं निवडून टाकून दिला, बाकीचा कोंबड्यांना घातला," असें त्यांनीं सांगितलें. मोबाईलवर आलेलें चित्रहि त्यांनीं दाखविलें. त्यांत कोणीं भाताचा लाडू करून जमिनीवर आपटीत होता व तो उसळत होता. एक भांडें मागवून तो तांदूळ पाण्यांत टाकला, तो निराळे दाणे वर तरंगले. बैठकींत एकच गलका झाला.

ही आवई नवीन नाहीं. २०१७ सालीं ती देशाच्या अनेक भागांत उठली होती. त्यानंतर १५ ऑगस्ट २०२१ रोजीं पंतप्रधानांनीं, सरकारी योजनांतील तांदूळ २०२४ पर्यंत पोषणमूल्य वाढवून दिला जाईल, असें जाहीर केलें, आणि तेव्हांपासून जुन्या आवईस नवें खाद्य मिळालें. वस्तुस्थिति अशी आहे. तांदळाचें पीठ करून त्यांत लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व मिसळतात, आणि यंत्रांतून दाबून त्याचे पुन्हां तांदळाच्या आकाराचे दाणे पाडतात. असा एक दाणा साध्या तांदळाच्या सुमारें शंभर दाण्यांत मिसळलेला असतो. पिठाचा केलेला म्हणून तो हलका असतो व तरंगतो; औषधी द्रव्यांमुळें त्याचा रंग किंचित् निराळा दिसतो. भाताचा लाडू उसळतो तोहि प्लास्टिकमुळें नव्हे, शिजलेल्या पिष्टाच्या चिकटपणामुळें व आंत कोंडलेल्या हवेमुळें; स्वतःच्या शेतांतील तांदळाचा लाडू करून कोणींहि हें पाहावें.

आम्हीं त्या बैठकींत दोन गोष्टी केल्या. तरंगणारे दाणे काढून निखाऱ्यावर टाकले. प्लास्टिक असतें तर वितळून घाण वास सुटला असता, ते मात्र भाकरी करपावी तसे करपले. दुसरे कांहीं दाणे उकळत्या पाण्यांत घातले, ते शिजून बोटांत मऊ झाले. मग एका शेतकऱ्यानेंच आपल्या व्यवहारबुद्धीनें वाद मिटविला. तो म्हणाला, "लबाड व्यापारी महाग मालांत स्वस्त माल घालतो. प्लास्टिक तांदळापेक्षां महाग. मग तांदळांत प्लास्टिक घालून तो स्वतःचं दिवाळं कां काढील?" ह्या एका प्रश्नानें जें साधलें तें आमच्या पाऊण तासाच्या व्याख्यानानें साधलें नव्हतें. ज्या घरांत बायकांमुलांचे चेहरे पांढरेफटक आहेत, त्या घरांनीं नेमके लोहाचे दाणे निवडून उकिरड्यावर टाकावे, याहून मोठी हानि ती कोणती? एक सावधगिरी मात्र सांगणें अवश्य आहे. ज्यांस रक्ताचा थॅलेसेमिया किंवा सिकलसेल हा विकार आहे, त्यांनीं लोहयुक्त अन्नाविषयीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सिकलसेल हा विकार आदिवासी समाजांत अधिक आढळतो, म्हणून वाड्यांतून त्याची तपासणी होणें इष्ट आहे.

खोट्या वार्तेनें जसें नुकसान होतें, तसें खऱ्या वार्तेच्या अर्धवट ग्रहणानेंहि होतें. ४ मे २०२५ रोजीं केंद्रीय कृषिमंत्र्यांनीं दिल्लींत भाताचे दोन नवे वाण जाहीर केले. पहिला हैदराबादच्या भात संशोधन संस्थेचा 'डीआरआर धान १००', अर्थात् 'कमला'. तो सांबा मसूरीपासून केलेला असून मूळ वाणापेक्षां पंधरा ते वीस दिवस आधीं तयार होतो, असें सांगण्यांत आलें. दुसरा दिल्लीच्या संस्थेचा 'पुसा डीएसटी राईस १'. तो क्षार व पाण्याचा ताण सोसणारा आहे, असें सांगितलें गेलें. लगेच पारावर दोन तट पडले. एक म्हणे, "आतां पेणच्या खारांत सोनं पिकणार", दुसरा म्हणे, "हें बीटी कापसासारखं परकं बीज, ह्याला शिवूं नका." दोघेहि घाईंत होते.

बीटी कापसांत जमिनींतील एका जंतूचें गुणबीज कापसांत घातलेलें आहे. ह्या भातांत तसें नाहीं. भाताच्या स्वतःच्याच एका गुणबीजांत नेमक्या ठिकाणीं बारीक फेरफार केलेला आहे, बाहेरचें गुणबीज शिल्लक नाहीं. दुरुस्तीसाठीं सुताराचा रंधा आणला, पण तो लांकडांत ठेवला नाहीं, असें समजावें. म्हणून "बीटीसारखें" हें म्हणणें चूक. परंतु पहिल्या पक्षाचेंहि चुकलेंच. घोषणा झाली त्या दिवशीं बियाणें दुकानांत नव्हतें. पैदासकाराचें बीज, पायाभूत बीज व प्रमाणित बीज अशा पायऱ्या चढून तें शेतकऱ्यापर्यंत येण्यास कांहीं वर्षें लागतात. पुढें चाचण्यांच्या आकड्यांविषयीं टीकाकारांनीं आक्षेप घेतले, आणि या विद्येच्या परदेशी पेटंटाचा प्रश्नहि निघाला. तेव्हां कोणी ह्या नांवाची पिशवी घेऊन दारीं आला, तर ती कोठून आली हें आधीं विचारावें.

आणि हें सर्व आपल्या जवळच तपासतां येतें, याचा आम्हांस विसर पडतो. कर्जत येथें भाताचें संशोधन १९१९ सालापासून चालू आहे. कर्जत-१८४, हळव्यांतील कर्जत-३, अशीं नांवें ज्यांच्या तोंडीं आहेत ते वाण तेथेंच निपजले. खाऱ्या जमिनीसाठीं पनवेलच्या केंद्रानें पनवेल-१ व त्यापुढील वाण काढले आहेत. दिल्लीची वार्ता मोबाईलवर तीन मिनिटांत येते, पण कर्जतच्या केंद्रावर शिवारफेरीस जाण्यास आम्हांस वर्षांत एक दिवस सांपडत नाहीं! ज्या वाणाची आपल्याच पावसांत, आपल्याच मातींत परीक्षा झाली आहे, त्याची माहिती सोडून दूरच्या वार्तेवर भांडणें हें शहाणपणाचें नव्हे.

नव्या विद्येविषयीं शंका घेणें हें मात्र आम्ही वाईट मानीत नाहीं. खोपोलीस टाटांचें वीजघर १९१५ सालीं सुरू झालें, भिवपुरीचें त्यानंतर सात वर्षांनीं. ज्या पाण्यांतून वीज काढून घेतली त्या पाण्यांत कस राहत नाहीं, असा समज आपल्या देशांत कित्येक ठिकाणीं होता. वास्तविक पाणी उंचावरून पडतांना जो जोर मिळतो तेवढाच वीजघरांतील चाक घेतें. पाण्याच्या अंगचें कांहींहि कमी होत नाहीं. भिवपुरीहून सुटलेल्या पाण्यावर कर्जत तालुक्यांत राजनाल्याखालीं उन्हाळी भात उभें राहिलें, तेव्हां त्या शंकेचें उत्तर पिकानेंच दिलें. शंका घ्यावी, आणि ती पिकाकडून सोडवून घ्यावी, ही शेतकऱ्याची जुनी रीत उत्तम आहे.

कृत्रिम बुद्धीच्या वार्तेसहि हीच रीत लावावी. बारामतीस उसावर तिचे प्रयोग झाले, आणि जून २०२५ मध्यें महाराष्ट्र सरकारनें शेतींतील कृत्रिम बुद्धीचें धोरण पांचशें कोटींच्या तरतुदीसह मंजूर केलें. वार्ता खरी आहे. पण बारामतीचा ठिबकावरील ऊस आणि आमचीं चार चार गुंठ्यांचीं, पावसाच्या पाण्यानें तुडुंब भरणारीं खाचरें यांत अंतर आहे. तें यंत्र येथें काय मोजणार, त्याचा खर्च किती जणांत वांटला जाणार, हें विचारल्यावांचून हर्ष किंवा तिरस्कार करणें व्यर्थ होय.

येथें सिनेमाच्या गोष्टींचाहि उपयोग आहे. चौकजवळच्या त्या स्टुडिओंत 'जोधा अकबर' या २००८ सालच्या चित्रपटासाठीं बादशाही वाडे उभे राहिले होते. पडद्यावर ते दगडी दिसले. ज्यांनीं ते मागून पाहिले त्यांस लांकडाचे टेंकू व प्लास्टरचे पत्रे दिसले. आमचा एक मित्र प्रत्येक मोठी वार्ता ऐकली कीं विचारतो, "हा किल्ला मागून पाहिला आहे काय?" हा प्रश्न आम्हीं त्याजपासून उचलला आहे. विशेषतः जमिनीच्या वार्तांस तो अवश्य विचारावा. नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें, ही गोष्ट खरी. परंतु "अमुक गट नंबरावरून रस्ता जाणार, आतांच विका" ही वार्ता सांगणारा बहुधा स्वतःच घेणाऱ्याचा दलाल असतो. अधिकृत आराखडा व अधिसूचना पाहिल्यावांचून आणि सातबारा व फेरफार तपासल्यावांचून सही करूं नये. बियाणें चुकलें तर एक हंगाम जातो. जमीन चुकली तर पिढी जाते.

आमच्या सभासदांस आमची सूचना अशी आहे. प्रत्येक गांवच्या शाखेनें महिन्यांतून एक संध्याकाळ वार्तेच्या बैठकीस द्यावी. एक साधी वही ठेवावी. तिच्या डाव्या पानावर महिन्याभरांत ऐकलेल्या वार्ता लिहाव्या, आणि उजवें पान कोरें ठेवावें. प्रत्येक वार्तेस चार प्रश्न विचारावे: हें कोणीं व कोठें केलें? कोणत्या जमिनींत व किती हंगाम पाहिलें? खर्च कोणाचा? आणि मीं ही वार्ता मानली तर फायदा कोणाचा? उत्तरें मिळतील तसतसें उजवें पान भरावें; न मिळालीं तर तें पान कोरें राहूं द्यावें, व कोऱ्या पानावर पैसा लावूं नये. ज्या वार्तेचीं उत्तरें बरीं आलीं तिची परीक्षा एका गुंठ्यांत करावी. पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्याच वहींत रोजचा पाऊस आणि डोंगराच्या भेगा, झरे यांची नोंद ठेवावी, आणि त्या बैठकीस वरच्या वाड्यांतील गुराख्यांस व कातकरी, ठाकर बांधवांस आग्रहानें बोलवावें. कारण डोंगराची वार्ता त्यांच्याजवळ आहे.

लोधिवलीच्या त्या वृद्धाच्या प्रश्नाचें पुरें उत्तर आमच्याजवळ आजहि नाहीं. वाडीपर्यंत रस्ता नेणें हें सरकारचें काम आहे, व तें मागत राहणें आपलें काम आहे. परंतु समोरच्या डोंगराची वार्ता चंद्राच्या वार्तेइतक्याच उत्सुकतेनें ऐकणें, एवढें तर आपल्या हातीं आहे. येत्या पावसाळ्यापूर्वीं ज्या गांवीं अशी वही सुरू होईल त्या गांवानें आम्हांस अवश्य कळवावें. तिच्यांतील तपासलेल्या वार्तांस ह्या मासिकांत आम्ही आनंदानें जागा देऊं.